घरच्या कॉम्प्युटरची निगा : काय हवं, काय नको

शिलाईचं मशीन घरात आलं की त्याच्या खणात तेलाची छोटी कुपी, पेचकस आणि ब्रश असायचाच. आठवड्याला दोन थेंब तेल सोडलं, बॉबिनखालचा कचरा झाडला, की मशीन सुनेच्या हाती जाईपर्यंत कुरकुरत नसे. कॉम्प्युटरचं मात्र तसं नाही, असं आपल्याला वाटतं. तो संथ झाला, मध्येच अडू लागला, की आपण एकतर मुलाच्या सुट्टीची वाट पाहतो, नाहीतर 'एका मिनिटात कॉम्प्युटर साफ' अशी जाहिरात दिसली की तिच्यावर बोट ठेवतो.

मैत्रिणींनो, ती तेलाची कुपी कॉम्प्युटरच्या पोटातही असते. फक्त ती कुठं ठेवली आहे हे दुकानदार सांगत नाही. देखभालीच्या या छोट्या प्रोग्रॅमना 'युटिलिटी' म्हणतात. त्यातले कोणते घरात आधीच आहेत, कोणते आणावेत आणि कोणते दाराबाहेरच ठेवावेत, ते आज पाहू. बहुतेक घरांत विंडोजचा कॉम्प्युटर असतो, म्हणून त्याच्याबद्दलच सांगते.

हे प्रोग्रॅम आले कुठून?

एके काळी त्यांची खरोखरच गरज होती. १९८२ साली अमेरिकेत पीटर नॉर्टन यांनी 'नॉर्टन युटिलिटीज' बाजारात आणल्या, तेव्हा चुकून पुसलेली फाईल परत आणायची सोय खुद्द कॉम्प्युटरमध्ये नव्हती. आपल्याकडे पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचं दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्रॅम तयार केला. त्यातूनच पुढे 'क्विक हील' उभी राहिली. फ्लॉपीवरून व्हायरस घरोघर फिरत होते आणि त्यावर घरात औषध नव्हतं, असा तो काळ.

पुढे यातली बहुतेक कामं विंडोजनं स्वतःच अंगावर घेतली. तरी जुनी सवय आणि नवी जाहिरात मिळून आपल्याला पुन्हा पुन्हा तेच विकत घ्यायला लावतात.

आधी घरातलं पाहा

रिस्टार्ट : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय हाच. पुष्कळ जणी म्हणतात, "अहो, मी रोज रात्री बंद करतेच की!" पण विंडोज ८ पासून 'शट डाऊन' केलं तरी आतला काही भाग लवकर उठता यावं म्हणून जपून ठेवला जातो. 'रिस्टार्ट' केलं की मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट करावं.

टास्क मॅनेजर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. यात 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण न बोलावता हजर होतं, त्याची ही यादी. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचा प्रोग्रॅम, कधीकाळी उतरवलेला खेळ, सगळे सकाळी एकदम स्वयंपाकघरात शिरल्यासारखे! नको त्या नावावर उजवी क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, हाक मारल्याशिवाय येत नाही एवढंच. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका.

स्टोरेज : सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडलं की डिस्कवरची जागा कशानं अडली आहे ते दिसतं. तिथंच 'टेम्पररी फाईल्स' म्हणजे तात्पुरता कचरा टाकून देता येतो. एक गोष्ट मात्र नीट पाहा. या यादीत 'डाऊनलोड्स'ही असतं. आपण उतरवलेल्या पावत्या, मुलांची हॉलतिकिटं, विम्याचे कागद तिथंच पडलेले असतात. ती खूण करू नका. शेजारी 'स्टोरेज सेन्स' आहे. तो सुरू ठेवला की हा केरवारा आपोआप होतो.

ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज : पूर्वी 'डीफ्रॅग' करा म्हणून सांगत. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर एकाच फाईलचे तुकडे इकडे-तिकडे विखुरतात, ते जवळजवळ लावण्याचं हे काम. विंडोज ते ठरल्या वेळी आपणहून करतं. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडे लावून फायदा नाही, उलट झीज होते. विंडोज डिस्कची जात ओळखून योग्य ते करतं. वेगळा डीफ्रॅग प्रोग्रॅम मुळीच आणू नका.

विंडोज सिक्युरिटी : व्हायरसवरचा 'डिफेंडर' विंडोज १० आणि ११ मध्ये आधीच बसवलेला असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. नेहमीच्या घरगुती वापराला तो पुरेसा आहे. नव्या लॅपटॉपबरोबर दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस थोड्या दिवसांसाठी फुकट येतो. मुदत संपली की त्याच्या सूचनांचा भडिमार सुरू होतो. पैसे भरायचे नसतील तर तो पूर्ण काढून टाका, म्हणजे डिफेंडर आपलं काम हाती घेतो. विकतचा ठेवायचा असेल तर एकच ठेवा. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत.

अपडेट : "आत्ता नको, नंतर" म्हणून आपण जे पुढे ढकलतो ते हेच. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसनं जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो आत शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं! ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात घ्यावं, की त्याची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपला कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का ते अपडेटच्याच पानावर कळतं. घेऊ शकत असेल तर ते फुकट मिळतं.

हे दाराबाहेरच

रजिस्ट्री क्लीनर : रजिस्ट्री ही विंडोजची आतली नोंदवही. त्यातल्या जुन्या ओळी खोडल्यानं वेग वाढल्याचं जाणवत नाही. चुकीची ओळ खोडली गेली तर मात्र कॉम्प्युटर उठतच नाही. अशा प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे.

ड्रायव्हर अपडेटर : हे काम विंडोज अपडेट करतंच. त्यातून काही अडलं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावं.

फुकट तपासणी करून घाबरवणारे : हे सर्वांत वाईट. अमेरिकेतल्या 'ऑफिस डेपो' या नावाजलेल्या दुकानांत ग्राहकांच्या कॉम्प्युटरची अशी तपासणी होत असे. सुरुवातीला चार प्रश्न विचारत, त्यात कॉम्प्युटर संथ झाला आहे का, असाही एक. त्यातल्या एकाला जरी 'हो' म्हटलं तरी व्हायरसची लक्षणं सापडल्याचा निकाल येई, तपासणीत काही सापडो वा न सापडो, असा आरोप तिथल्या संघीय व्यापार आयोगानं ठेवला. मार्च २०१९ मध्ये तडजोड होऊन ऑफिस डेपोला २ कोटी ५० लाख डॉलर आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीला १ कोटी डॉलर भरावे लागले. एवढ्या मोठ्या दुकानाची ही गत, तर कोपऱ्यातून उगवणाऱ्या जाहिरातीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

प्रोग्रॅम प्रामाणिक असला तरी जोखीम उरतेच. 'सीक्लीनर' हा लोकप्रिय प्रोग्रॅम. २०१७ साली चोरट्यांनी त्याच्या कंपनीतच शिरकाव करून एका आवृत्तीत घातक भाग मिसळला आणि तो सुमारे २२ लाख ७० हजार जणांपर्यंत पोचला. घरात जितके नोकर, तितक्या किल्ल्या बाहेर, हे इथंही खरंच.

आणि पडदाभर लाल पाटी, कर्कश आवाज, 'ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं आलं तर? फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर बंद करायचं बटण दाबून धरा. कुणाला आपल्या कॉम्प्युटरचा ताबा दुरून देऊ नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. तिथं वेळेला फार महत्त्व आहे.

आणायचंच असेल तर

दोन वस्तू आणण्यासारख्या आहेत आणि दोन्ही घरगुती वापराला फुकट मिळतात. 'विनडर्स्टॅट' डिस्कवरच्या फाईली रंगीत चौकोनांत मांडून दाखवतो. मोठा चौकोन म्हणजे मोठी फाईल, म्हणजे अडगळ कुठं आहे ते एका दृष्टीत कळतं. दुसरा, जपानी प्रोग्रॅमरनं केलेला 'क्रिस्टलडिस्कइन्फो'. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद आत ठेवत असते, ती हा वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच फाईली हलवा.

याशिवाय कुणी काही सुचवलं तर स्वतःला पाच प्रश्न विचारा :

१. हे काम विंडोज आधीच करतं का?
२. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवते आहे, की जाहिरातीतल्या हिरव्या बटणावरून?
३. पहिल्याच तपासणीत शेकडो चुका दाखवून लगेच पैसे मागतो का? मागत असेल तर तिथंच थांबा.
४. बसवताना आधीच केलेल्या खुणांतून आणखी काही घरात घुसतं आहे का? प्रत्येक पान वाचूनच पुढे जा.
५. नको झाला तर पूर्ण निघेल का?

पैसे खर्चायचे ते इथं

आमच्या ओळखीच्या एका काकूंनी कॉम्प्युटरचा वेग वाढवणारा प्रोग्रॅम वर्षाचे पैसे भरून घेतला होता. रोज तो हिरवी खूण दाखवून 'सर्व ठीक' म्हणायचा. डिस्क मात्र महिनाभर टिकटिक आवाज करत होती. एके दिवशी ती बंद पडली. सासूबाई नव्वदीत असताना त्यांच्या आवाजात भरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्यात होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. सासूबाई तर गेल्या. दुरुस्तीवाल्यानंही शेवटी हात टेकले.

म्हणून सांगते, वेग थोडा कमी असला तर काही बिघडत नाही. गेलेली फाईल मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. क्लीनरसाठी दरवर्षी पैसे भरण्यापेक्षा एकदाच बाहेरची हार्ड डिस्क घ्या. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाईल हिस्ट्री' आहे, ती या डिस्कवर फाईलींच्या प्रती ठेवते. ॲपलचा मॅक असेल तर हेच काम 'टाइम मशीन' करतो.

जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात. मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली, किंवा चक्क बहिणीच्या कपाटातली दुसरी डिस्कसुद्धा चालते. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, पण जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात, हे ध्यानात असू द्या. आणि फोन व कॉम्प्युटर एकमेकांशी जुळवून ठेवणं म्हणजे दुसरी प्रत नव्हे. एकीकडे पुसलं की दुसरीकडूनही जातं.

प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर खंडणीचा व्हायरस तिलाही कुलूप लावतो. आणि अधूनमधून तिच्यातला एखादा फोटो, एखादं गाणं उघडून बघत जा. लोणच्याची बरणी भरून ठेवली तरी आपण मधून मधून झाकण उघडून पाहतोच ना!

वेळापत्रक

आठवड्याला : एकदा रिस्टार्ट, आलेले अपडेट बसू देणं.
महिन्याला : बाहेरच्या डिस्कवर प्रत, 'स्टोरेज'वर एक नजर.
तीन महिन्यांनी : डिस्कच्या प्रकृतीचा रंग, स्टार्टअपची यादी, नको असलेले प्रोग्रॅम काढणं.
दिवाळीच्या आवराआवरीत : कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशनं जाळीवरची धूळ. दुसऱ्या घरी ठेवलेली प्रत ताजी करणं.

सगळं मिळून महिन्याला अर्धा तास लागतो. यातलं एकही काम इंजिनियरचं नाही. गॅसची नळी केव्हा बदलायची, पाण्याच्या फिल्टरची कांडी केव्हा संपते, हे ज्या बाईला तोंडपाठ असतं, तिला हे अवघड मुळीच नाही. या महिन्यात एकच करा. घरातले जे फोटो, जे आवाज पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत करा. बाकीची कामं पुढच्या महिन्यात केली तरी चालतील.