काळं ते कूल, पण टिकतं किती?

मोबाइल काळा, घड्याळ काळं, बाइक मॅट ब्लॅक. मग मनगटातलं कडं तरी स्टीलचं का राहावं? ऑफिसातल्या एका दोस्ताने ऑनलाइन काळंकुळीत कडं मागवलं. गडी जाम खूश! तीन महिन्यांत त्याची खालची बाजू, जी दिवसभर लॅपटॉपच्या कडेवर घासते, पांढरी पडली. तेव्हापासून साहेबांचं एकच पालुपद : "फसवलं यार मला!"

हेच रडगाणं गोल्फवाल्यांचंही आहे. हसू नका. आमच्या नांदेड-लातुरात गोल्फ टीव्हीवरच दिसतो हे खरं, पण पुण्यात आयटीत असलेला माझा आतेभाऊ रविवारी पहाटे उठून खेळायला जातो. (आत्याने हाक मारली की हाच मुलगा नऊपर्यंत उठत नसे.) त्याने काळ्या फिनिशच्या क्लबांचा अख्खा सेट घेतला. दिसायला एकदम झकास, शिवाय उन्हात डोळ्यांवर चमक येत नाही. पण वाळूच्या खड्ड्यातून बॉल उडवायचा म्हणजे क्लबचा तळ वाळूत घुसणारच. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, साध्या पोलादापेक्षा कडक. त्यात बॅगेत क्लब एकमेकांवर आपटतात ते वेगळंच. एका सीझनमध्ये तळाला पांढरे पट्टे आणि कडांना टवके!

बॉल कमी लांब जातो का? अजिबात नाही. गेला तो फक्त मेकअप. म्हणूनच बहुतेक कंपन्या असलं घासणं वॉरंटीत धरत नाहीत. काही पट्टीचे खेळाडू तर मुद्दाम बिनलेपाचे क्लब घेतात आणि त्यांना खुशाल गंजू देतात.

फंडा साधा आहे. बाजारात 'ब्लॅक' म्हणून जे मिळतं ते एकाच जातीचं नसतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे सरळ रंग, त्याचे पोपडे निघतात. त्याच्या वरचं पीव्हीडी. यात निर्वात पेटीत धातूची वाफ करून तिचा थर वस्तूवर बसवतात. हा थर असतो भलता कडक, पण जाडी जेमतेम दोन-चार मायक्रॉन. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, आता करा हिशेब! आणि तिसरी जात म्हणजे धातूच्याच कातडीवर रसायनाने आणलेला काळेपणा. रंग किंवा पीव्हीडी उडालं की घरी काही करता येत नाही. मार्कर पेनने काळं करणारे महाभाग मी पाहिलेत, ते दोन दिवसांत बोटांना लागतं. तिसऱ्या जातीचं मात्र तसं नाही.

दोस्ताला मी सचखंड गुरुद्वाऱ्याजवळच्या बाजारात नेलं. तिथे कडी आणि कृपाणी यांनी दुकानं गच्च भरलेली असतात. शीख मंडळींसाठी कडं पाच ककारांपैकी एक, फॅशन नव्हे, तेव्हा जरा अदबीने बघायचं. तिथे सर्बलोहाचं कडं मिळतं. सर्बलोह म्हणजे निखळ लोखंड, वर कसलाच लेप नाही. नवं असताना ते करडं, थोडं ओबडधोबड दिसतं. मग मनगटावर घासून घासून आपोआप उजळत जातं. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवला नाही तर तांबूस गंज चढतो, पुसला की जातो. मुळात उडण्यासारखं काही नाहीच! दोस्ताने ते घेतलं, काळं कडं ड्रॉवरमध्ये गेलं.

पण काळ्या फिनिशची खरी मास्टरी बघायची तर लातूरहून उदगीरमार्गे बीदर गाठा. बीदर कर्नाटकात, असं म्हणू नका. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या घरांत एखादी तरी बिदरी वस्तू निघतेच.

बिदरी म्हणजे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. वाळूच्या साच्यात वस्तू ओततात, घासून गुळगुळीत करतात आणि वर मोरचुदाचं पाणी फिरवतात. त्याने ती तात्पुरती काळी होते, म्हणजे कोरलेली रेघ डोळ्यांना दिसावी. मग नक्षी कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवायची. पुन्हा घासलं की तो काळा रंग निघून जातो. कायमचा काळा येतो अगदी शेवटी : बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळतात, त्यात वस्तू घातली की जस्त-तांब्याचा भाग काळाभोर होतो आणि चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. माती बरोबर आहे की नाही, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. हे काम करणारे शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता बिदरीचंही काळं जातं का? जातं! फक्त त्याचे टवके उडत नाहीत, ते हाताळून हळूहळू राखाडी होतं. लिंबू, चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावलीत तर हळूहळू नाही, एका दुपारीत. कोरडं मऊ फडकं आणि खोबरेल तेलाचा एक थेंब, बस्स. अगदीच फिकं पडलं तर बीदरच्या चौबाऱ्याजवळच्या दुकानांत चौकशी करा, तीच माती लावून पुन्हा काळं करून मिळतं.

यावरूनच आमच्या घरात जुंपली होती. लातूरच्या आजोळी आजीचं बिदरी पानदान आहे. झाकणाच्या पुढच्या कडेला एक राखाडी डाग आहे, अंगठ्याएवढा. आजी पन्नासेक वर्षं तिथेच अंगठा लावून झाकण उघडायची. मामेबहिणीच्या लग्नात रुखवतात पानदान मांडायचं ठरलं आणि मामा म्हणाले, "बीदरला नेऊन नवं करून आणतो." मामांचंही बरोबर होतं. चार लोक बघणार, वस्तू फिकट का दिसावी? आणि कारागिराच्या दृष्टीने तर पुन्हा काळं करणं हाच तिचा मान. पण आई हटून बसली. "काळं कवाबी करता येतंय. आईचा अंगठा परत उमटवायलाय का कुणी?"

शेवटी मांडवली झाली. बाजू आणि बूड तेलाने पुसून घेतलं, झाकणाला कुणी हात लावला नाही. रुखवतात ते पुढच्या रांगेत होतं आणि वऱ्हाडातल्या एका बाईंनी 'थोडं पॉलिश करून घ्या' असा सल्लाही दिलाच.

लग्नानंतर मामांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं. आईने आठवडाभरात बाहेर काढलं. आता ते आमच्याकडे नांदेडला टीपॉयवर असतं आणि त्यात तिच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं असतात.