कार्बनची कुंडी आणि नवी सुपरकार

सुपरकारचं नवं मॉडेल आलं की ते कोऱ्या कागदावरून घडवलं असावं, असं आपण सहज धरून चालतो. बहुतेकदा तसं नसतं. मॅक्लारेन या ब्रिटिश कंपनीचंच पाहा. २०११ साली तिने एमपी४-१२सी विक्रीला आणली. तिच्या गाभ्याशी होता कार्बन तंतूंचा मोनोकॉक (वेगळी चौकट न ठेवता स्वतःच भार पेलणारं एकसंध कवच). प्रवासी बसतात ती ही कुंडी अवघी ७५ किलोंची.

एवढ्या कमी वजनात बळकटी कशी? बुटांचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका झाकण काढून पिळला, तर लगेच वाकडा होतो. झाकण चिकटवून पिळायला जा, तो दाद देत नाही. पुठ्ठा तोच, ताकद बंद आकाराची. कुंडीच्या कडा अशाच पोकळ, पण बंद असतात. म्हणून छप्पर उघडणाऱ्या १२सी स्पायडरच्या कवचाला जादा आधार द्यावा लागला नाही.

हेच कवच २०१४ च्या ६५०एसमध्ये राहिलं, ३.८ लिटरचं व्ही८ इंजिनही सुधारून घेतलं. मग नवं काय, फक्त पत्रा? तसंही नाही, आणि खरी कारागिरी मला इथेच दिसते. २०१५ च्या ५७०एसमध्ये दाराखालच्या कडा खाली घेतल्या, चढउतार सोपी झाली. सस्पेन्शन (चाकांचे हादरे शोषणारी यंत्रणा) वेगळं बसवलं. कवचासकट सारं नव्याने आखलं ते आर्टुरासाठी, २०२१ मध्ये. त्यात व्ही६ इंजिनाला विजेच्या मोटरची जोड आहे.