वेन बेट: जिथे आकाश मोजलं गेलं

डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीत वेन नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेसात चौरस किलोमीटर. स्वीडनच्या लांड्सक्रूना बंदरातून बोटीने अर्ध्या तासाचा प्रवास. उतरल्यावर बहुतेक जण भाड्याची सायकल घेतात आणि शेतांमधून चढ चढत बेटाच्या मध्यावर येतात. तिथे मातीच्या बांधांनी आखलेला एक मोठा चौकोन दिसतो. त्यातला वाडा केव्हाच नाहीसा झाला. त्याचं नाव होतं युरानीबोर्ग. दुर्बीण येण्यापूर्वीचं सर्वांत अचूक आकाशमापन याच ठिकाणी झालं.

१५७२च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा झळकला. पंचविशीतल्या टायको ब्राहे या डॅनिश सरदारपुत्राने त्याचं स्थान पुन्हा पुन्हा मोजलं. शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो जागचा हलत नव्हता. म्हणजे तो चंद्राच्या कितीतरी पलीकडे होता. चंद्रापलीकडचं आकाश कधी बदलत नाही, हे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं मत तिथेच डळमळलं. असा माणूस परदेशी जाऊ नये म्हणून राजा फ्रेडरिक दुसरा याने १५७६मध्ये त्याला हे अख्खं बेट दिलं, वर खर्चाची सोयही लावली.

टायकोने तिथे युरानीबोर्ग उभारलं. या वाड्यातलं मला सर्वांत आवडणारं साधन म्हणजे भित्तियंत्र. उत्तर-दक्षिण भिंतीवर सुमारे दोन मीटर त्रिज्येची पितळी कमान पक्की बसवलेली, तिला काटकोनातल्या भिंतीत झरोका. तारा झरोक्यासमोर आला की एक सहायक त्याची उंची वाचणार, दुसरा घड्याळातली वेळ पुकारणार, तिसरा लिहून घेणार. कमानीच्या आतल्या भिंतीवर खुद्द टायकोचं चित्र, पायाशी त्याचा कुत्रा. रात्रीमागून रात्री हेच काम. त्याची बहीण सोफी हिनेही निरीक्षणांत हात दिला. वाऱ्याने वाड्यावरची यंत्रं हलतात हे लक्षात आल्यावर टायकोने १५८४च्या सुमारास शेजारीच जमिनीखाली दुसरी वेधशाळा खोदली: स्टियर्नेबोर्ग. छपराखेरीज सगळं जमिनीत.

हे सगळं उभं राहिलं ते बेटावरच्या शेतकऱ्यांच्या घामावर. सुमारे चाळीस कुटुंबं, आणि प्रत्येक शेतामागे आठवड्याला दोन दिवस वेठ. बांध घालणं, तळी खोदणं, कागदाच्या गिरणीसाठी धरण बांधणं ही कामं त्यांच्याच गळ्यात पडली. त्यांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं, पण वेठ काही सुटली नाही. टायकोच्या आकड्यांचं कौतुक करताना या माणसांचं ऋण मान्य करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

फ्रेडरिक गेला, नव्या राजाशी बिनसलं, आणि १५९७मध्ये टायकोने बेट सोडलं. पुढे प्रागमध्ये योहानेस केपलर त्याच्या हाताखाली आला. १६०१मध्ये टायको वारला आणि वह्या केपलरकडे गेल्या. मंगळाची कक्षा वर्तुळांच्या हिशेबात बसवताना केपलरचं गणित टायकोच्या मोजणीपेक्षा आठ कलांनी चुकत होतं. पूर्ण चंद्रबिंबाच्या साधारण चौथाईएवढा हा फरक. दुसऱ्या कुणाची मोजणी असती तर तो सोडून देता आला असता. टायकोची म्हणून केपलरने स्वतःचं गणित सोडलं. १६०९मध्ये त्याने लंबवर्तुळाकार कक्षा मांडली.

वाडा मात्र टायकोच्या मृत्यूनंतर पाडला गेला, विटा-दगड इतर बांधकामांना गेले. १६७१मध्ये फ्रेंच खगोलज्ञ झाँ पिकार मुद्दाम इथे आला. टायकोच्या नोंदी पॅरिसच्या नोंदींशी ताडून पाहायच्या तर या जागेचे अचूक रेखांश हवे होते. परतताना त्याने ओले रोमर या डॅनिश तरुणाला पॅरिसला नेलं. प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, हे १६७६मध्ये दाखवून देणारा तो हाच रोमर.

आज बागेचा एक भाग जुन्या आराखड्याप्रमाणे पुन्हा लावलेला आहे, स्टियर्नेबोर्गच्या खड्ड्यांवर छपरं आहेत, आणि संग्रहालय एका जुन्या चर्चमध्ये आहे. जायचं तर उन्हाळ्यात जावं आणि पश्चिमेच्या कड्यावरचं मध्ययुगीन संत इब चर्चही पाहावं. तिथून समुद्रापलीकडे डेन्मार्कचा किनारा दिसतो.