नोकरीसाठी लावलेला कलप

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला आलो तर एक गृहस्थ तोंडावर टॉवेल धरून पायरीवर बसले होते. टॉवेल काढला तेव्हा पापण्या सुजून दोन्ही डोळे मिटलेले, कपाळ फुगलेले आणि कानामागून चिकट पाणी येत असलेले दिसले. मधमाश्यांनी फोडून काढले असावे, असे मला वाटले. विचारले तर बराच वेळ काही बोलेनात. शेवटी बरोबरच्या मुलाने सांगितले, "डॉक्टर, अण्णांनी शनिवारी कलप लावला होता."

अण्णांचे वय बावन्न. घरात लग्नकार्य नाही, मग ही हौस कशासाठी? तर मंगळवारी सोलापूरला मुलाखत होती. जागा वॉचमनची.

"पहिल्या ठिकाणी साहेब, माझ्या डोक्याकडं बघूनच जागा भरली म्हणाले," अण्णा सांगू लागले. "म्हणून पुढं दोन वेळा कलप लावून गेलो. तेव्हा काहीच झालं नाही. आता या खेपेलाच असं कसं झालं?"

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर वाचकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. काळ्या कलपात, आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा पुड्यांतही, पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे रसायन असते. रंग पक्का बसतो तो त्यामुळेच. पहिल्या एक-दोन वेळा शरीराची त्याच्याशी नुसती ओळख होते. काहींच्या बाबतीत ही ओळख वैराची ठरते आणि पुढच्या खेपेला, लावल्यावर एक-दोन दिवसांत, डोक्याला खाज, पाणी आणि सूज येते. पापण्यांची कातडी पातळ, म्हणून सूज तिथे जास्त दिसते. तेव्हा 'मागे लावला होता, काही झाले नाही' या भरवशावर राहू नये. दर वेळी दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. डोक्याला लावल्यावर त्रास सुरू झाला तर भरपूर साध्या पाण्याने धुवावे. श्वास लागत असेल किंवा जीभ, घसा सुजत असेल तर माझ्यासारख्याच्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

अण्णा आठवडाभरात बरे झाले. मुलाखत मात्र हुकली.

हा लेख कलपावर नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला माणूस काम मागायला गेला की त्याला काय काय लपवावे लागते, आणि त्या लपवण्यापायी त्याची तब्येत कशी बिघडते, हे मला सांगायचे आहे. त्यात कलप हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. एक रक्तदाबाचे रुग्ण खिशातली गोळ्यांची पट्टी दिसेल म्हणून मुलाखतीच्या आठवड्यात गोळ्याच घेत नाहीत. दुसरे एकजण मधुमेहाचे. तपासणीत साखर दिसू नये म्हणून त्यांनी सकाळपासून काही खाल्ले नाही, वर एका गोळीच्या दोन घेतल्या. एस.टी. स्टँडवर घाम फुटून, थरथरत खाली बसले. दारू प्यायलेला आहे समजून लोक बाजूने निघून जात होते. एका चहावाल्याने ओळखले आणि साखर घातलेले पाणी पाजले म्हणून निभावले. तिसऱ्यांनी चष्मा घरी ठेवला आणि फॉर्ममध्ये भलत्याच ठिकाणी सही केली. आपल्याकडे वाचायच्या चष्म्याला नावच 'चाळिशी' आहे. तो नाकावर दिसला की वय सांगायला नको!

नोकरी देणाऱ्यांची बाजूही मी ऐकतो, कारण फिटनेसच्या दाखल्यासाठी माणसे माझ्याकडेच पाठवली जातात. 'डॉक्टर, या वयाचा माणूस घेतला आणि उद्या काही झाले तर?' ही त्यांची काळजी अगदीच खोटी म्हणता येणार नाही. म्हणून वयाबरोबर शरीरात नेमके काय कमी होते ते पाहू.

डोळ्यातले नेत्रभिंग कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे वाचायला त्रास होऊ लागतो. हा रोग नव्हे. शंभर-दोनशे रुपयांचा चष्मा त्यावर पुरेसा असतो. अंधुक उजेडात दिसणे मात्र खरोखर कमी होते. साठीच्या माणसाला विशीतल्या मुलापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. हृदयाचे म्हणाल तर त्याचा कमाल वेग साधारण २२० वजा वय असा धरतात. म्हणजे पंचविशीत मिनिटाला १९५ ठोके, पंचावन्नाव्या वर्षी १६५. पण हा वेग लागतो जिवाच्या आकांताने पळताना. फाटकावर उभे राहणे, वजनकाट्यावर माल मोजणे, पावत्या फाडणे, मशिनीवर देखरेख ठेवणे या कामांत नाडी शंभर-सव्वाशेच्या वर सहसा जात नाही. पन्नाशीनंतर स्नायू वर्षाला साधारण एक टक्का या हिशेबाने झिजतात. ज्याचे शरीर कामात राहते त्याचे कमी झिजतात. घरी बसवलेल्याचे अधिक.

दिवसभर पोती उचलणे, एप्रिल-मे महिन्यांतल्या आपल्या उन्हात पत्र्याखाली उभे राहणे, लागोपाठ रात्रपाळी करणे हे पन्नाशीनंतर नक्कीच जड जाते. वाढत्या वयात तहान उशिरा लागते आणि घामही कमी येतो, त्यामुळे उन्हाचा झटका लवकर बसतो. हे मी मालकांपासून लपवणार नाही आणि उमेदवारांनीही लपवू नये. पडझड होऊन हाड मोडले तर वयस्क माणसाला भरून यायला जास्त दिवस लागतात, हेही खरे. पण एकूण अपघात तरुण कामगारांना अधिक होतात, ही गोष्ट मालकमंडळी विसरतात.

शरीराने कमी झालेले माणूस सवयीने कसे भरून काढतो याचे एक उदाहरण मला फार आवडते. टिमथी सॉल्टहाऊस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली टायपिस्ट मंडळींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकोणीस वर्षांपासून बहात्तर वर्षांपर्यंतची माणसे होती. दिवा लागताच बटण दाबायला सांगितले तर वयस्क मंडळी मागे पडत. पण टंकलेखनाचा वेग तरुणांइतकाच! कारण बोटे एका शब्दावर असताना त्यांची नजर मजकुरात तरुणांपेक्षा पुढे धावत असे. आपल्या अडतीतल्या जुन्या दिवाणजींना ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी माझा कंपाउंडर सोडून गेला. त्या जागेसाठी एक्कावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले होते. पट्टी बांधण्यात हात सफाईदार, अक्षर मोत्यासारखे, औषधांची नावे पाठ. मी त्यांना चहा दिला आणि 'कळवतो' म्हणालो. घेतले बावीस वर्षांच्या मुलाला. का घेतले असे कोणी विचारले असते तर 'जिन्याने वर-खाली करावे लागते' असे काहीतरी सांगितले असते. माझ्या दवाखान्याला जिना नाही. तो मुलगा चार महिन्यांनी पुण्याला गेला. तोवर त्या गृहस्थांनी गावात एका ठिकाणी निम्म्या पगारावर काम धरले होते. आता ते रक्तदाब तपासायला माझ्याकडे येतात. त्या विषयावर आम्ही दोघेही बोलत नाही.

आपल्या गावाला हा विषय परका नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची बार्शी टेक्स्टाईल मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. महामंडळाच्या इतर गिरण्याही त्याच वेळी थांबल्या. त्याच्याही आधी, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरांवरून नांगर फिरला. त्यांतले कितीतरी कोकणात आणि इकडे घाटावर गावी परतले. तरुण होते त्यांनी दुसरे काही शोधले. पंचेचाळिशीच्या पुढचे वॉचमन झाले किंवा घरी बसले. मिलमधून आलेल्यांच्या छातीत आणि कानांत गिरणी राहिलेली असते. कापसाच्या धुळीने दम लागतो, आणि सुरुवातीला तो सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो. साच्यांच्या खडखडाटाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. मुलाखतीत प्रश्न दोनदा विचारावा लागला की 'वय झाले' असा शेरा बसतो. प्रत्यक्षात ते वय नसते, साचेखात्यात काढलेली वर्षे असतात.

ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या लहानशा गावातही अशीच एक कापडगिरणी होती. ती १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण अभ्यासक तिथे गेले. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. त्यांनी एक साधी गोष्ट केली, रस्त्याने चालणाऱ्यांचा वेग मोजला. घरचे काम संपलेले नसल्याने बायका भराभर जात. पुरुष हळू चालत आणि पावलागणिक थांबत. वाचायला वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणे सोडले होते. कामावर न घेतलेला माणूस वर्षभराने माझ्यासमोर येतो तेव्हा मला हेच दिसते. झोपेची वेळ बिघडलेली, मावा वाढलेला, रक्तदाब चढलेला, चाल मंदावलेली. मग कोणीतरी म्हणते, बघा, याला घेतले नाही तेच बरे झाले.

कायद्याचे म्हणाल तर सरकारी नोकरीत भेदभाव नको म्हणून आपल्या घटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास ही कारणे मोजली आहेत. वय त्यात नाही. अमेरिकेने १९६७ साली चाळीस वर्षांपुढच्या उमेदवारांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमुळे चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची आहे. तरतूद चांगली आहे. तिच्याकडे 'चाळिशीनंतरच्या माणसाचा जादा खर्च' म्हणून कोणी पाहू नये, एवढीच भीती वाटते.

खर्चाचे एक उदाहरण देतो. जर्मनीत डिंगोल्फिंग येथे बी.एम.डब्ल्यू. मोटारींचा कारखाना आहे. तिथे २००७ साली एका विभागात मुद्दाम सरासरी सत्तेचाळीस वर्षे वयाची माणसे लावली. कामगारांनाच विचारून सत्तरएक बारीक बदल केले. पायाखाली लाकडी फळ्या, बसायला खुर्ची, लहान भाग पाहायला भिंग, वर-खाली होणारे टेबल. वर्षभरात त्या विभागाचे उत्पादन सात टक्क्यांनी वाढले. आपल्या डाळमिलमध्ये किंवा दुकानात मोटारी बनत नाहीत हे मला कळते. पण काट्याजवळ एक चांगला दिवा, बसायला स्टूल, उन्हाळ्यात हाताशी पाण्याचा माठ आणि रात्रपाळी दोन-चार दिवसांपेक्षा सलग न देणे, याला किती पैसे पडतात?

काम शोधणाऱ्यांना माझे सांगणे असे. मुलाखतीच्या महिनाभर आधी रक्तदाब, साखर, डोळे आणि कान तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात हे फारशा खर्चाशिवाय होते. चष्मा लागत असेल तर लावून जा. चष्मा लावून नीट वाचणारा माणूस चाचपडणाऱ्यापेक्षा तरुण दिसतो. मुलाखतीच्या दिवशी नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि मधुमेह असेल तर खाऊन निघा. ताब्यात असलेला रक्तदाब किंवा मधुमेह बहुतेक कामांच्या आड येत नाही. आड येतो तो लपवलेला. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चाला आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठा-बसा. मांड्यांची ताकद टिकते आणि उभे राहायच्या कामात तीच लागते.

अण्णा परवा पुन्हा आले. केस शेंड्याला काळे, मुळाशी पांढरे. हातात दुसऱ्या एका ठिकाणचा वैद्यकीय तपासणीचा छापील कागद. रक्तदाब १३४/८४, साखर ठीक, चष्म्याने अक्षर स्वच्छ वाचता येते, डावा कान थोडा जड. कागदावर वयाचा रकाना वरच होता. त्यांना करायचे काय आहे, यासाठी रकाना कुठेच नव्हता. मी त्यांनाच विचारले. "गोडाऊनच्या दाराशी बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे, रात्री दोन चकरा मारायच्या." मागची बाजू कोरी होती. तिथे मी हे काम जसेच्या तसे उतरवले आणि खाली लिहिले : वरील कामास हे गृहस्थ सक्षम आहेत, चकरा मारताना हाती बॅटरी द्यावी.