हेडलाइटवरचं ऊन

दिवाळीच्या आगेमागे कृष्णाकाठच्या कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कऱ्हाड, रेठरे, वाळवा, इस्लामपूर, भुईंज या पट्ट्यातले रस्ते उसाच्या ताब्यात जातात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे बैलगाड्यांची रांग. ट्रॉलीला मागचा लाल दिवा असेलच असं नाही. रिफ्लेक्टर असला तरी तो धुळीने माखलेला किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला. रात्री अशा ट्रॉलीची पाठ वेळेत दिसायची तर सगळी भिस्त आपल्याच गाडीच्या दिव्यावर. आणि एमएच-१०, एमएच-११, एमएच-५० पाट्यांच्या आठ-दहा वर्षं जुन्या गाड्या बघाव्यात तर निम्म्यांचे दिवे ताकासारखे धुरकट झालेले.

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच ३३ मीटर संपलेले असतात. कोरड्या डांबरावर गाडी उभी राहायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. झाले सत्तर. चांगल्या हॅलोजनच्या डिपरलाही हे अंतर जड जातं. त्यात अंतर वाढलं की प्रकाश वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. म्हणून दिव्याचा उजेड पाचव्या हिश्श्यावर आला, तर पूर्वी साठ मीटरवर दिसणारी ट्रॉली तेवढीच उजळून दिसायला सत्तावीस मीटरपर्यंत जवळ यावी लागते. तेव्हा करायला फारसं काही उरलेलं नसतं.

हा पाचवा हिस्सा मी उगाच धरलेला नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ मध्ये धुरकट हेडलाइट प्रयोगशाळेत तपासले. डिपरवर त्यांचा उजेड नव्या दिव्याच्या जेमतेम वीस-बावीस टक्के भरला. घासून पॉलिश केल्यावर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे पॉलिशने दिवा नवा होत नाही, पण कामाचा होतो. ‘शोरूमसारखा करून देतो’ असं कुणी म्हणालं तर दिसायला तसा होईलही, रस्त्यावर नाही.

उजेड कमी पडला की आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे बल्ब बदलणं. एच-फोर हॅलोजन बल्ब ठरलेला आहे ६०/५५ वॅटचा. त्या जागी शंभर वॅटचा किंवा पांढराशुभ्र एलईडी बसवून देणारी दुकानं प्रत्येक नाक्यावर आहेत. धुरकट आवरणामागे जास्त उजेड पेटवला की तो सरळ रस्त्यावर न जाता चहूकडे विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. चालकाला मात्र समोर पांढरं धुकं दिसतं. वर जादा वॅटने वायरिंग तापतं आणि होल्डर वितळतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरच्या वाटीत एलईडी बसवणं नियमातही बसत नाही. आधी आवरण साफ करावं, बल्बचं मग बघावं.

अँबॅसिडर किंवा प्रीमिअर पद्मिनीच्या मालकाला ही डोकेदुखी माहीत नव्हती, कारण त्यांच्या दिव्यांना खरी काच होती. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केलं. वजन काचेच्या निम्मं, दगड बसला तरी सहसा फुटत नाही, हवा तसा आकार देता येतो. अमेरिकेने १९८३ मध्ये हेडलाइटचे नियम सैल केले आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीवर बदलता बल्ब असलेला प्लास्टिकचा दिवा आला. पुढे जगभर तेच झालं, आपल्याकडेही.

या प्लास्टिकचं एक दुखणं जन्मापासूनचं आहे. त्याच्या रेणूतल्या बेंझिनच्या कड्या उन्हातले अतिनील किरण शोषतात. साखळ्या तुटतात, तुकडे वेगळ्या रीतीने जुळतात, आणि हे नवे जोड निळा प्रकाश गिळतात. निळा गेला की उरतं ते पिवळं. पृष्ठभागावर बारीक चिरा पडून प्रकाश विखुरतो, तो धुरकटपणा वेगळा. म्हणून कारखान्यातच या आवरणावर अतिनील किरण अडवणारा, ओरखडे सोसणारा एक कडक थर चढवतात. तो केसाहूनही पातळ असतो. तो शाबूत आहे तोवर दिवा स्वच्छ राहतो. तो पापुद्रे सुटून निघू लागला की खालचं उघडं प्लास्टिक झपाट्याने खराब होतं. पुढे जे काही सांगायचं आहे ते सगळं या थराभोवती फिरतं.

सातारा-सांगलीत तो थर झिजवणारे हात बरेच. माण, खटाव, जत, आटपाडीकडे वर्षातले बहुतेक महिने कडक ऊन. पाचगणी-महाबळेश्वरला हवा थंड असली तरी उंचीमुळे ऊन जास्त तिखट, कारण दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. महामार्गावर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची धूळ आणि खडी. आणि सांगलीत पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. त्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या दिव्यांत गाळ शिरला. असा दिवा बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य. आतल्या वाटीवरचा अॅल्युमिनियमचा चकचकीत थर इतका नाजूक असतो की फडक्याने पुसला तरी निघून येतो. तिथे नवा दिवाच हवा.

 

आता घरगुती उपाय. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा थोडा मळ निघतो आणि दोन-चार आठवडे बरं दिसतं. ठीक आहे, नुकसान फार नाही. डास पळवणारा स्प्रे मारून दिवा लख्ख करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहा. अशा बऱ्याच स्प्रेंमधलं डीट हे रसायन पॉलिकार्बोनेटला विरघळवतं. वरचा पापुद्रा मऊ होऊन सपाट होतो, म्हणून चमक येते. थोड्याच दिवसांत तो चिकट आणि पुन्हा धुरकट होतो. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन यांनी तर आतपर्यंत जाळीदार तडे जातात. हल्ली किटलीसारख्या भांड्यातून रसायनाची वाफ सोडून दिवा पारदर्शक करून देतात. दिसतं झकास. पण तेही पृष्ठभाग वितळवणंच आहे, ती वाफ करणाऱ्याच्या फुप्फुसात जाते, आणि वरून संरक्षण काहीच मिळत नाही.

खरी रीत सोपी आहे, फक्त मेहनतीची. आधी दिव्यावर पाणी मारा. ओला असताना तो स्वच्छ दिसला, तर खराबी वरवरची आहे असं समजा. पाणी मारूनही धुरकट राहिला, तर चिरा खोल आहेत किंवा बिघाड आतून आहे. मग घासायचा कागद हातात घेण्याआधी खर्चाचा विचार करा.

खराबी वरची असेल तर दिवा शॅम्पूने धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. इथे आळस केला तर बॉनेटचा रंग जातो. मग वॉटर पेपर. थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ८०० नंबरपासून, नुसता पिवळट असेल तर १०००-१२०० पासून. कागद आणि दिवा सतत ओले हवेत. सुरुवातीला पिवळसर पाणी येतं, तो जुना थर. तो पूर्ण निघेपर्यंत नंबर बदलायचा नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि कडेला जुन्या थराचे नकाशे राहून जातात. दिवा सगळीकडून सारखा दुधी दिसला की १५००, २०००, ३०००. एका नंबरने आडवं घासलं तर पुढच्याने उभं, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. त्यानंतर कंपाउंड आणि बफिंग, मशीन हळू ठेवून. एकाच जागी दाबून धरलं तर प्लास्टिक तापून लहरतं.

इथे गॅरेजवाला पाणी मारतो, दिवा चकाकतो, तुम्ही पैसे देता. खरं काम इथून पुढे आहे. घासताना उरलासुरला संरक्षक थर तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलेला असतो. उघडं पॉलिकार्बोनेट घेऊन गाडी जतच्या उन्हात उभी राहिली, तर काही महिन्यांत दिवा पहिल्यापेक्षा वाईट होतो. ‘पॉलिश टिकत नाही’ ही तक्रार खरी आहे, पण दोष पॉलिशचा नाही, वरून काही न लावण्याचा आहे.

वर काय लावायचं? मेण किंवा साधा सीलंट काही महिने टिकतो, पुन्हा पुन्हा लावायची तयारी असेल तर हरकत नाही. सिरॅमिक कोटिंग त्याहून बरं. गाडीच्या रंगावर लावतात तशी पारदर्शक फिल्म दिव्यावरही बसते आणि खडीचा मारही झेलते. सगळ्यांत टिकाऊ म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, अतिनील-रोधक असलेला क्लिअर कोट. तो मारणार असाल तर ३००० पर्यंत घासायचीही गरज नाही, १००० ते १५०० वर थांबलं तरी चालतं. बारीक ओरखडे कोटच भरून काढतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. म्हणून हा कोट पेंटिंगवाल्याकडूनच मारून घ्यावा. त्याआधी दिवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, बोट लावायचं नाही, आणि नंतर दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे दिवस त्यासाठी उत्तम.

राखण्याचं तंत्र फुकटचं आहे. गाडी रोज दक्षिणेकडे तोंड करून उघड्यावर उभी करू नका, आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला असतो. नाक भिंतीकडे किंवा उत्तरेकडे ठेवा. वॉशिंग सेंटरवर डिझेलचा फवारा मारत असतील तर दिव्यांवर मारू देऊ नका. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, आधी पाणी.

काम झाल्यावर फोकस तपासा. सपाट जागी भिंतीजवळ गाडी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची खडूने आखा, मग गाडी १० मीटर मागे घ्या. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. ती रेघेच्या वर गेली असेल तर साफ केलेला दिवा समोरच्याला जास्तच त्रास देईल.

आणि दिवे पॉलिशला टाकण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारा: ‘दादा, घासून झाल्यावर वरून काय मारणार?’ उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर गाडी तशीच घरी आणा.