गाडी का रुसली?

2024 च्या मार्चमधली गोष्ट. लेकीचा दहावीचा पहिलाच पेपर. पेपर अकराचा, पण साडेदहाच्या आत वर्गात बसायचं, म्हणून दहाला निघायचं ठरलं होतं. देवापुढे दिवा लावला, तिच्या हातावर दही-साखर घातली आणि आम्ही मायलेकी खाली आलो. आमचे हे कामासाठी परगावी गेलेले. गाडी मीच चालवणार होते. किल्ली फिरवली. समोरचे दिवे छान लागले, मग 'टक्' असा एकच आवाज आणि सगळे दिवे गुल! पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

मैत्रिणींनो, पुढे मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मागं वळून पाहिलं, तर छतावरच्या दिव्याचं बटण चालूच राहिलेलं. आदल्या रात्री कंपासपेटी शोधायला लेक गाडीत गेली होती. झालं! "रात्रभर दिवा चालू ठेवलास? बॅटरी उतरवलीस ना! कशाचं म्हणून भान नाही तुला!" ऐन पेपरच्या दिवशी, चार लोकांदेखत, मी तिला नको नको ते बोलले. शेजारच्या काकूंचा मुलगा स्कूटर घेऊन आला म्हणून ती वेळेवर पोचली. पण जाताना डोळे पुसत गेली.

दुपारी कोपऱ्यावरच्या गॅरेजातले मेकॅनिक आले. मी त्यांना दिव्याची सगळी कथा ऐकवली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ताई, दिव्याला कशाला बोल लावता? हे बघा." बॅटरीच्या एका टोकावर पांढरट-हिरवी पूड साचली होती आणि त्यावरची पकड नुसत्या बोटानं हलत होती. त्यांनी ते साफ करून घट्ट बसवलं आणि पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली!

मग त्यांनी मला हिशेब समजावला. आमची बॅटरी 12 व्होल्टची, 35 अँपिअर-अवरची. म्हणजे एक अँपिअर वीज घेत राहिलो तर ढोबळमानानं 35 तास पुरेल अशी. छतावरचा दिवा 5 वॅटचा. तो अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. बारा तास जळला तरी पाचेक अँपिअर-अवर जातील. चांगली बॅटरी तेवढ्यानं बसत नाही. पुढचे दोन मोठे दिवे चालू राहिले तर मात्र गोष्ट वेगळी. ते 55-60 वॅटचे असले तर दोघे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात आणि तीन-चार तासांत बॅटरीचा निकाल लावतात.

मग माझी गाडी का अडली? गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण नळाच्या तोंडाशी कचरा अडकला आहे, अशी कल्पना करा. पेला भरेल, बादली भरायची नाही. दिव्यांना थोडी वीज लागते, ती त्या पुडीतून कशीबशी पोचते. पण इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला एका झटक्यात शंभराहून जास्त अँपिअर लागतात. तिथं सगळंच कोलमडतं. म्हणूनच एक 'टक्' आणि अंधार!

आधी कान द्या

कुकरची शिट्टी नीट होते आहे की वाफ बाजूनं जाते आहे, हे आपल्याला दुसऱ्या खोलीत बसून कळतं. गाडीचंही तसंच आहे. कोणता आवाज येतो त्यावरून निम्मं निदान होतं.

किल्ली फिरतच नसेल, तर बहुधा स्टिअरिंगला कुलूप लागलेलं असतं. जोर करू नका, किल्ली मोडेल. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवत किल्ली फिरवा.

दिवे नेहमीसारखे आहेत, पण आवाजच नाही? मग आधी आपले पाय पाहा. पुष्कळ नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय हवा आणि गिअर 'पी' किंवा 'एन'वर हवा. माझ्या जाऊबाई पेट्रोलपंपावर गिअर 'डी'वरच ठेवून दहा मिनिटं बटण दाबत बसल्या होत्या. मागची रांग हॉर्न वाजवत होती. शेवटी पंपावरच्या मुलानं गिअर दाखवला! बटणाच्या गाडीत किल्लीतला छोटा सेल संपला तरी असं होतं. अशा वेळी पुष्कळ गाड्यांत किल्ली बटणाला टेकवून धरली की काम होतं.

'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरलं, तर बॅटरी खरोखरच उतरली आहे. एकच 'टक्' होऊन दिवे गेले, तर आधी बॅटरीची टोकं तपासा.

आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही? मग बॅटरीचा दोष नाही. पेट्रोलचा काटा पाहा. पेट्रोल असेल तर गाडीला किल्लीची ओळख पटत नसेल, दुसरी किल्ली लावून बघा. काही झालं तरी सेल्फ पाच-सहा सेकंदांहून जास्त मारू नका, आणि पुन्हा मारण्याआधी अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चांगली बॅटरीही उतरायची.

सोडा आणि जुना ब्रश

ती पांढरी पूड काढायचं औषध आपल्याच फडताळात आहे. गाडी बंद करून किल्ली काढा. हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या उतरवा, मंगळसूत्र काढा किंवा आत खोचा. हे मी नटण्यामुरडण्याबद्दल सांगत नाही. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर ठिणगी उडते, आणि तापलेली बांगडी मनगट भाजते. बॅटरीतून पेट घेणारा वायूही निघतो, म्हणून जवळ काडी, उदबत्ती काही नको. आत आम्ल असतं, तेव्हा डोळे सांभाळा आणि हातांत रबरी मोजे घाला.

पान्यानं आधी काळी, म्हणजे वजा खुणेची वायर सोडवा, मग लाल. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं टोकं घासा. फेस येईल, घाबरू नका. पाणी बॅटरीच्या झाकणांत मात्र जाऊ देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. लावताना आधी लाल आणि शेवटी काळी. घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. नव्या गाडीत वायर काढल्यावर घड्याळ किंवा रेडिओ पुन्हा लावावा लागतो, म्हणून गाडीबरोबरचं पुस्तक आधी चाळा.

दुसऱ्या गाडीची मदत

बॅटरी उतरलीच असेल तर जंपर केबल कामी येते. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकवता, बंद करून उभ्या करा. लाल चिमटा आधी आपल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, त्याचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या अधिक खुणेला. काळा चिमटा मदतीच्या गाडीच्या वजा खुणेला आणि शेवटचा आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. मदतीची गाडी सुरू करून पाच मिनिटांनी आपली सुरू करा. चिमटे उलट्या क्रमानं काढा आणि नंतर निदान अर्धा तास गाडी चालवा. धक्का मारून सुरू करणं फक्त हाताच्या गिअरच्या गाडीला चालतं, ऑटोमॅटिकला नाही.

आपल्याकडे बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. थंडीत गाडी अडते म्हणून आपण थंडीला नावं ठेवतो, पण बॅटरीला खरं झिजवतो तो एप्रिल-मेचा उन्हाळा. थंडी फक्त चहाडी करते. गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी बाहेर काढावी. तीन वर्षं झाली की गॅरेजात व्होल्ट मोजून घ्यावेत. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास आले तर उत्तम, 12.2 च्या खाली आले तर लक्ष घालायला हवं.

आणि एक लक्षात ठेवा. घरात कोणाला छातीत दुखतंय, धाप लागली आहे, अशा वेळी यातलं काहीही करत बसू नका. सरळ 108 ला फोन करा.

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती गप्पच. मी तिला खाली नेलं, बॉनेट उघडलं आणि म्हटलं, "बाळा, तुझं काही चुकलं नव्हतं. मीच न बघता बोलले." तिनं बॅटरीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आई, तू याआधी हे कधी उघडलं होतंस?"

पाच वर्षं गाडी चालवत होते मी, आणि उत्तर होतं, कधीच नाही. गाडी चालवायला शिकवणाऱ्यांनी दाखवलं नाही, आणि विचारलं तर हसतील म्हणून मीही विचारलं नाही. त्याचा राग निघाला तो पोरीवर.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी बॉनेट उघडतो. ब्रश तिच्या हातात असतो, सोड्याची वाटी माझ्या. तुम्हीही या रविवारी उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.