मावशी टिकायला हवी

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रण घराघरांत पाहिलं गेलं. दहा महिन्यांच्या मुलीला तिथली आया मारत होती. त्यानंतर पालकांनी ‘कॅमेरा आहे का?’ हे आधी विचारलं तर नवल नाही. पण कॅमेऱ्यात मार दिसतो, लळा दिसत नाही. मुलांना सांभाळणारी मावशी इथे किती वर्षं आहे, हेही विचारायला हवं.

साधारण सातव्या-आठव्या महिन्यात बाळ माणसं निवडू लागतं. कालपर्यंत कुणाच्याही कडेवर जाणारं पोर शेजारच्या काकूंना पाहून भोकाड पसरतं. शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ग्लासगोमधल्या 60 बाळांचा अभ्यास 1964 मध्ये प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक मुलांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला होता. कुणाला बापाचा, कुणाला आजीचा. दिवसभर कोण जवळ असतं, दूध कोण पाजतं, यावर ते ठरत नव्हतं. रडल्यावर धावून येणारा, हुंकाराला हुंकार देणारा माणूस बाळ धरून ठेवत होतं. ऐरोलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या आईनं मनाला लावून घेऊ नये, ते यासाठी.

आणि बाळाला काय हवंय ते दर वेळी अचूक कळायलाच हवं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत प्रेमळ मातांचेही बाळाशी सूर साधारण एक-तृतीयांश वेळच जुळत होते. बाकीचा वेळ चुकण्यात आणि सावरण्यात जाई. या सावरण्यातूनच बाळाला भरवसा येतो. त्याला स्वतःला फारसं शांत करता येत नाही. ते काम मोठ्या माणसाची मांडी करते. तोच वास, तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की पुढे नुसत्या चाहुलीनंही रडं ओसरतं.

म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मावशी बदलणं महागात पडतं. 1991 मध्ये जन्मलेल्या तेराशेहून अधिक अमेरिकी मुलांच्या पाहणीत केवळ पाळणाघरामुळे आईशी असलेलं नातं बिघडलेलं दिसलं नाही. आई बाळाला फारसा प्रतिसाद देत नाही आणि बाहेरची देखभालही निकृष्ट किंवा सारखी बदलती, असं दोन्ही जुळलं की धोका वाढत होता.

सगळ्यात अवघड गणित बांधकामावरच्या मुलांचं. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत अशा मुलांसाठी पाळणाघर काढलं. आज ‘मुंबई मोबाइल क्रेशेस’ ही संस्था नवी मुंबईतही ते काम करते. इमारत पुरी झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं आणि पाळणाघरातली ताई मागे राहते. 1996 च्या कायद्यानं पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी उजेडाची, हवेशीर खोली आणि प्रशिक्षित बाई मागितली. ती बाई किती दिवस टिकावी, यावर कायदा गप्प होता.

सेक्टरातल्या पाळणाघरात मात्र एवढं जमू शकतं: जुनी मावशी जाण्याआधी नवी तिच्यासोबत आठवडा-दोन आठवडे राहील. त्या काळात दोघींचा पगार द्यावा लागतो. तो फीत धरला आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारता येतं.